सेंट किल्डा: निर्जन बेटावर उतरणं इतकं अवघड का असतं?

एक्स्पिडिशन क्रूझच्या माहितीपत्रकात सेंट किल्डाच्या पानावर बारीक अक्षरात हमखास एक सूचना असते: हवामान अनुकूल असेल तरच बेटावर उतरता येईल. वर्षभर पैसे साठवून सहलीला निघालेल्या माणसाला ही सूचना खटकते. एवढे पैसे भरायचे, एवढ्या लांब जायचं आणि बेट नुसतं जहाजावरून बघून परत यायचं? हा प्रश्न रास्त आहे. पण हवामान ही त्या सूचनेची फक्त अर्धी बाजू आहे. उरलेल्या अर्ध्या बाजूत पक्षी आहेत, उंदीर आहेत, आजार आहेत आणि ते बेट सोडून गेलेली माणसं आहेत. हे सगळं माहीत असलं की उतरायला मिळालं तर आणि नाही मिळालं तरी ती सहल वेगळीच वाटते, असं माझं ठाम मत आहे.

आधी जागा समजून घेऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. त्या रांगेतल्या नॉर्थ युइस्ट बेटापासून आणखी सुमारे ६४ किलोमीटर पश्चिमेला, उघड्या अटलांटिक महासागरात, सेंट किल्डा हा छोटासा द्वीपसमूह आहे. हिर्टा, सोए, बोरेरे आणि डून ही त्यातली चार बेटं. शिवाय समुद्रातून सरळ वर आलेले खडकांचे सुळके आहेत, त्यांना तिथे 'स्टॅक' म्हणतात. सुमारे साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वी इथे एक मोठा ज्वालामुखी होता. त्याची झीज होऊन जे शिल्लक राहिलं ते म्हणजे ही बेटं. हिर्टा सर्वांत मोठं, तरी त्याचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपासच भरतं. त्यावरचं कोनाखर हे शिखर ४३० मीटर उंच आहे आणि त्याची उत्तरेकडची बाजू जवळजवळ थेट समुद्रात कोसळते. ब्रिटनमधला सर्वांत उंच समुद्रकडा तो हाच. बोरेरेजवळचा स्टॅक अॅन आर्मिन हा सुळका १९६ मीटर उंच आहे आणि ब्रिटनमध्ये त्याहून उंच सागरी सुळका नाही.

स्कॉटलंडला लहानमोठी मिळून सुमारे ७९० बेटं आहेत आणि त्यांतल्या शंभरेक बेटांवरच माणसं राहतात. म्हणजे निर्जन बेटांना तिथे तोटा नाही. स्टाफा आहे, मिंग्युले आहे, नॉर्थ रोना आहे. मी सेंट किल्डा निवडलं, कारण निर्जन होणं म्हणजे नेमकं काय घडतं याच्या नोंदी इतक्या बारकाईनं इतरत्र क्वचितच सापडतात.

'निर्जन' हा शब्द मात्र सांभाळून घ्यावा लागतो. हिर्टावर कायमची वस्ती १९३० पासून नाही, पण माणसं आहेत. १९५७ मध्ये तिथे ब्रिटिश लष्कराचं रडार केंद्र उभं राहिलं. हेब्रिडीजमधल्या चाचणी क्षेत्रातून सोडलेल्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणं हे त्याचं काम, आणि ते आजही चालू आहे. उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेचे रेंजर, पुरातत्त्व अभ्यासक आणि मेंढ्यांवर संशोधन करणारे लोक तिथे मुक्कामाला असतात. त्यामुळे जहाजातून उतरल्या उतरल्या लष्करी इमारती आणि गाड्या दिसल्या तर निराश होऊ नका. जन्मापासून मरेपर्यंत इथेच राहणारं असं मात्र आता कुणी नाही.

बंदर नाही, म्हणजे काय?

साध्या क्रूझमध्ये मोठं जहाज धक्क्याला लागतं, शिडी लावतात, प्रवासी उतरून बाजारात जातात. एक्स्पिडिशन क्रूझची जहाजं लहान असतात. कुठे पन्नास प्रवासी, कुठे दीडदोनशे. त्यांना धक्का लागत नाही. जहाज खाडीत नांगर टाकतं आणि प्रवाशांना हवेनं फुगवलेल्या जाड रबरी होड्यांमधून किनाऱ्यावर नेतात. या होड्यांना सगळे 'झोडियाक' म्हणतात. एका होडीत साधारण दहा जण, फुगीर कडेवर समोरासमोर बसलेले, मागे इंजिनाजवळ चालक. जहाजावर पक्षी, भूगर्भ, इतिहास यांचे जाणकार असतात आणि आदल्या संध्याकाळी ते व्याख्यान देतात. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं हे एक्स्पिडिशन लीडर कप्तानाशी बोलून ठरवतो. त्याच्याकडे पहिला बेत असतो, तसा दुसरा आणि तिसराही तयार असतो.

हिर्टावर उतरण्याची जागा एकच, व्हिलेज बे. ही खाडी आग्नेयेकडे उघडी आहे. बाकी सगळीकडे कडे आहेत. तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला हिर्टाचे डोंगर आणि डून बेटाची लांबलचक भिंत आडवी येते, म्हणून खाडीत आडोसा मिळतो. पण वारा फिरून आग्नेयेकडून वाहायला लागला की हा आडोसा संपतो आणि लाटा थेट खाडीत घुसतात. मग नांगर टाकणंच धोक्याचं होतं, होड्या सोडणं तर दूरच राहिलं.

यात एक गोष्ट अनेकांना पटकन लक्षात येत नाही. आकाश निळं आहे, वाऱ्याची झुळूकही नाही, तरी उतरणं रद्द! असं का? कारण समुद्राच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. जागच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा आखूड असतात आणि वारा पडला की थोड्या वेळात निवतात. दुसऱ्या लाटा शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या वादळात जन्मतात. त्यांना स्वेल म्हणतात. वादळापासून दूर जाताना छोट्या लाटा विरून जातात आणि लांब, संथ, ताकदवान लाटा तेवढ्या पुढे येत राहतात. दोन लाटांमध्ये दहाबारा सेकंदांचं अंतर असतं. खोल समुद्रात जहाज त्यांच्यावर नुसतं संथ डोलतं. पण किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा खालचा भाग तळाशी अडतो, तिचा वेग कमी होतो, मागची ऊर्जा पुढे दाटते आणि लाट उंच उठते. कोकण किनाऱ्यासाठी वारा नसतानाही 'उंच लाटांचा इशारा' निघतो तेव्हा कित्येकदा कारण हेच असतं.

आता छोट्या दगडी धक्क्याशेजारी उभी असलेली रबरी होडी डोळ्यांसमोर आणा. स्वेल आली की होडी मीटरभर वर जाते, मग मीटरभर खाली येते. प्रवाशानं उभं राहायचं, धक्क्यावरच्या माणसाचा हात धरायचा आणि होडी वर असते त्या क्षणी पाऊल टाकायचं. हात धरण्याचीही एक पद्धत आहे. तळव्यात तळवा घालायचा नाही. एकमेकांच्या कोपराखालचा भाग, मनगटाच्या वर, घट्ट धरायचा. हात ओले असले तरी ही पकड सुटत नाही. एकानं सोडलं तरी दुसऱ्याची पकड राहते. उतरण्याआधी जहाजावर याची तालीम करून घेतात. ती मनापासून करा. कॅमेरा पिशवीत, दोन्ही हात मोकळे, आणि चालक सांगेपर्यंत उठायचं नाही. उन्हाळ्यातही तिथलं पाणी बारातेरा अंशांच्या आसपास असतं. गुडघा दुखत असेल किंवा तोल जात असेल तर ते आधीच सांगावं, लपवू नये. धक्क्यावर नेमकं कुठे उभं राहून आधार द्यायचा, हे त्यावरून कर्मचारी ठरवतात.

लीडर सकाळी आधी एक रिकामी होडी पाठवून धक्क्याजवळची स्थिती बघतो. बघणाऱ्याला समुद्र शांत वाटत असला तरी तो 'नाही' म्हणाला, तर त्याचं ऐकावं. सकाळी उतरलेल्यांना दुपारी परत न्यायचंय, हा विचार त्याला करावाच लागतो. वारा मधेच फिरला तर शंभर माणसं बेटावर अडकतील आणि तिथे हॉटेल नाही, दवाखाना नाही.

जहाजांनी आजवर काय काय आणलं

या बेटांवर निदान दोन हजार वर्षं, कदाचित त्याहून कितीतरी जास्त काळ माणूस राहिला. १६९७ मध्ये मार्टिन मार्टिन हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा सुमारे १८० लोक राहत होते. भाषा गेलिक. थोडा बार्ली आणि ओट, थोड्या मेंढ्या आणि गाई. खरा आहार पक्ष्यांचा: गॅनेट, फुलमार, पफिन आणि त्यांची अंडी. मासेमारी फारशी नाही, कारण समुद्र खवळलेला आणि होड्या मोजक्या. पुरुष अनवाणी, दोराला लटकून कड्यांवर उतरत. नवरदेवानं लग्नाआधी कड्याच्या टोकावरच्या एका दगडावर एका पायावर तोल सांभाळून दाखवायचा, अशी रीत सांगितली जाते. कड्यावर जो पाय सांभाळू शकत नाही तो घर कसं चालवणार, असा तिच्यामागचा रोकडा हिशोब. जमीन स्काय बेटावरच्या मॅक्लाउड घराण्याची. त्यांचा कारभारी वर्षातून एकदा यायचा आणि खंड पिसांच्या, लोकरीच्या कापडाच्या, तेलाच्या रूपात घेऊन जायचा. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमून त्या दिवशी काय काम करायचं ते ठरवत. बाहेरून आलेल्यांनी त्याला 'पार्लमेंट' म्हटलं.

या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत होती: बाहेरून होडी आली की काही दिवसांत सगळं गाव खोकायला लागतं. बाहेरच्यांना आधी ही अंधश्रद्धा वाटली. आज तिचं कारण सरळ सांगता येतं. इतक्या छोट्या वस्तीत सर्दी-खोकल्याचे विषाणू टिकून राहत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही टिकत नाही. पाहुणा नवा विषाणू घेऊन आला की तो सगळ्यांना एकाच वेळी गाठतो.

खोकल्यावर निभावलं तर ठीक. १७२७ मध्ये देवी आल्या. हॅरिस बेटावर मरण पावलेल्या एका गाववाल्याचे कपडे परत आणले गेले आणि त्यातून साथ पसरली, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलं पक्षी धरायला स्टॅक अॅन आर्मिनवर उतरली होती. त्यांना परत न्यायला होडी आलीच नाही, कारण होडी वल्हवायला गावात पुरेशी माणसं उरली नव्हती. हे अकरा जण उभ्या खडकावर अख्खा हिवाळा पक्षी आणि मासे खाऊन जगले आणि पुढच्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली. परतले तेव्हा गावात मोजकीच माणसं शिल्लक होती. नंतर मालकानं हॅरिसहून कुटुंबं आणून बेट पुन्हा वसवलं.

एकोणिसाव्या शतकात नवजात बाळांच्या धनुर्वातानं थैमान घातलं. 'आठ दिवसांचा आजार' म्हणत त्याला. अनेक दशकं जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळं पहिल्या काही दिवसांतच जात. १८९० च्या दशकात अँगस फिडेस या धर्मोपदेशकानं बाळंतपणात जंतुनाशकं वापरायला लावली, तेव्हा कुठे हे थांबलं. त्याआधीच, १८५२ मध्ये, ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते आणि त्यातले बरेच वाटेत जहाजावरच दगावले. छोट्या वस्तीला असा धक्का बसला की ती सहसा पूर्ण सावरत नाही.

आणि मग पर्यटक आले. १८७७ पासून डुनारा कॅसल हे वाफेचं जहाज उन्हाळ्यात सहली आणू लागलं. म्हणजे सेंट किल्डाची क्रूझ ही काही आजची टूम नाही, तिला दीडशे वर्षं होत आली. जहाजातून उतरलेले पाहुणे लोकरीचं कापड, पक्ष्यांची अंडी विकत घेत. पुढे कॅमेरे आले आणि गावकऱ्यांचे फोटोही निघू लागले. हातात रोख पैसा आला, त्याबरोबर दुकानातला चहा, साखर, पीठ आलं. हळूहळू बेट बाहेरच्या जहाजावर अवलंबून राहू लागलं. हिवाळ्यात जहाज येत नसे, मग टंचाई. यात पर्यटकांचा दुष्टावा नव्हता. पण जगण्याची जी घडी पक्ष्यांवर, मेंढ्यांवर आणि सगळ्यांनी मिळून केलेल्या कामावर बसली होती ती विस्कटली, यात शंका नाही.

हिवाळ्यात निरोप पाठवायचा तर समुद्रावरच भरवसा. त्याच १८७७ च्या हिवाळ्यात बेटावर अडकलेल्या जॉन सँड्स या पत्रकारानं एका लाइफबॉयला, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला देतात त्या तरंगत्या रिंगला, चिठ्ठी बांधून ती पाण्यात सोडली आणि ती ऑर्कनी बेटांवर सापडली. पुढे गावकऱ्यांनी लाकडाच्या तुकड्याला छोट्या होडीचा आकार देऊन, त्यात पत्र आणि टपालाचे पैसे ठेवून, त्याला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायला सुरुवात केली. वायव्येचा वारा असेल तेव्हा ही 'टपालहोडी' सोडायची. बरीच पत्रं स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागत, काही थेट नॉर्वेला पोहोचत.

१५ मे १९१८ रोजी एक जर्मन पाणबुडी खाडीत आली आणि तिनं ७२ तोफगोळे डागून नौदलाचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. माणूस कुणी मेलं नाही. त्यानंतर बसवलेली तोफ अजूनही खाडीकाठी उभी आहे. युद्धात ती एकदाही चालवावी लागली नाही.

महायुद्धानंतर तरुण माणसं बेट सोडू लागली. होडी वल्हवायला, कड्यावर उतरायला, मेंढ्या गोळा करायला किमान काही धडधाकट माणसं लागतात, तेवढीही उरेनात. मे १९३० मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला: आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी एचएमएस हेअरबेल या नौदलाच्या जहाजातून शेवटचे ३६ जण निघाले. गुरं आणि मेंढ्या आधीच नेल्या होत्या. कुत्र्यांना मात्र गळ्यात दगड बांधून खाडीत बुडवलं. निघताना प्रत्येक घरात एक बायबल आणि थोडे ओटचे दाणे ठेवून दारं लावून घेतली, असं सांगतात. त्यातल्या बहुतेकांना स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, मॉर्व्हर्नच्या किनाऱ्यावर घरं मिळाली आणि काहींना वनखात्यात काम. ज्या बेटावर एकही झाड नाही तिथून आलेल्यांना झाडं लावायचं काम! त्या ३६ जणांपैकी शेवटच्या रेचल जॉन्सन. बेट सोडताना त्या आठ वर्षांच्या होत्या. २०१६ मध्ये ९३ व्या वर्षी वारल्या.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की या बेटाच्या इतिहासात जहाजानं काय आणलं हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आज तुमच्यामाझ्यासाठी जे नियम आहेत ते याच प्रश्नातून आले आहेत. फरक एवढाच की आता जपायची आहेत ती पक्ष्यांची पिल्लं आणि दगडी घरं.

बुटाच्या तळव्यातलं बी

बेटावर उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी जहाजावर 'बायोसिक्युरिटी' नावाचा कार्यक्रम होतो. प्रत्येकानं आपले बूट, पाठपिशवी, जाकीट, कॅमेऱ्याची तिपाई घेऊन यायचं. बुटाच्या तळव्याच्या खाचांमधली माती ब्रशनं काढायची, पिशवीच्या कोपऱ्यातला कचरा व्हॅक्युमनं ओढायचा. सगळ्यात वैतागवाणी ती वेल्क्रोची पट्टी. तिच्या बारीक आकड्यांमध्ये गवताचं कुसळ अडकून बसतं, ते चिमट्यानं एकेक करून काढावं लागतं. शेवटी बूट जंतुनाशक पाण्यात बुडवायचे. प्रवासी कुरकुरतात. पण बेटावरच्या वनस्पतींना नव्या तणाशी स्पर्धा करायची सवय नसते आणि एक बी रुजलं की ते काढणं जवळजवळ अशक्य होतं.

खरी भीती मोठ्या उंदरांची. सेंट किल्डावर तपकिरी उंदीर नाहीत, म्हणजे जहाजांतून जगभर पसरलेले ते मोठे उंदीर. तिथे फुलमार, पफिन आणि पेट्रेल हे पक्षी जमिनीवर किंवा जमिनीतल्या बिळात अंडी घालतात. लीच्स स्टॉर्म पेट्रेल या छोट्या, रात्री वावरणाऱ्या पक्ष्याची ब्रिटनमधली सर्वांत मोठी वसाहत इथेच आहे. अशा ठिकाणी उंदरांची एक गाभण मादी उतरली तरी काही वर्षांत वसाहतीच्या वसाहती रिकाम्या होतात. हेब्रिडीजमधल्याच शियंट बेटांवरच्या पक्ष्यांनाही उंदरांचा असाच धोका होता. तिथले उंदीर संपवण्याची मोहीम काढावी लागली आणि २०१८ मध्ये ती बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली. २००८ मध्ये स्पिनिंगडेल ही मासेमारी नौका व्हिलेज बेमध्ये खडकावर चढली, तेव्हा माणसं वाचवल्यानंतरची पहिली काळजी हीच होती की तिच्यात उंदीर आहेत का. सुदैवानं नव्हते.

याच्या जोडीला २०२१ पासून बर्ड फ्लू आला. बाँक्सी, म्हणजे ग्रेट स्कुआ, या दणकट पक्ष्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जबर फटका बसला. मग गॅनेट मरू लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या कित्येक बेटांवर उतरणं बंद ठेवलं. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, विष्ठेवरून चालायचं नाही, बूट धुतल्याशिवाय पुन्हा जहाजावर चढायचं नाही: हे नियम तेव्हापासून जास्त कडक झाले. त्यामुळे हवा छान असतानाही उतरता न येण्याचं हे आणखी एक कारण असू शकतं.

कायद्याचा मुद्दा इथे लक्षात घेण्यासारखा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे, पण जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर. बेटावर पोलीस उभा नसतो. म्हणून रेंजर धक्क्यावर भेटून जे सांगतो ते पाळणं हा त्या हक्काचाच भाग समजावा. भिंतींवर चढू नका, मेंढ्यांच्या मागे धावू नका, ड्रोन उडवू नका, दगड उचलून आणू नका.

उतरल्यावर काय बघाल

धक्क्यापासून वर एक अर्धगोल गल्ली दिसते. हेच गाव. १८३० च्या दशकात इथे जाड दगडी भिंतींची, गवती छपरांची 'ब्लॅकहाउस' पद्धतीची घरं बांधली गेली. १८६० च्या वादळात त्यांची नासधूस झाल्यावर मालकानं जस्ती पत्र्याच्या छपरांची सोळा आधुनिक घरं बांधून दिली. ती दिसायला नीटनेटकी, पण जुन्या घरांपेक्षा थंड आणि ओलसर निघाली. शेजारीशेजारी उभी असलेली ही दोन्ही प्रकारची घरं नीट पाहा. जुन्या घराची भिंत दोन पदरी असते, आत माती भरलेली, छप्पर भिंतीच्या आत टेकलेलं, म्हणजे वाऱ्याला धरायला कडच मिळत नाही. काही घरं दुरुस्त केली आहेत, एकात छोटं संग्रहालय आहे. चर्च आणि शाळेची खोलीही बघता येते.

मग डोंगरभर पसरलेले दगडी घुमट दिसतील. यांना क्लीट म्हणतात. एकट्या हिर्टावर ते बाराशेहून जास्त आहेत. बिनचुन्याच्या भिंती, वर मोठ्या शिळा आणि त्यावर गवताची ढेप. वाकून आत डोकावलं की दगडांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येताना दिसतात आणि गालाला वारा लागतो. युक्ती त्यातच आहे. छप्पर पाऊस अडवतं, भिंत वारा आत येऊ देते, त्यामुळे इतक्या दमट हवेतही पक्ष्यांचं मांस, अंडी, इंधनाची ढेकळं सुकी राहत. मीठ महाग, लाकूड नाही. हाताशी दगड आणि वारा, त्यातून उभं केलेलं हे कोठार. इथे बघण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर माझ्या मते ते हेच आहे. आता त्यात मेंढ्या आडोशाला बसतात.

या मेंढ्या सोए जातीच्या: तपकिरी, छोट्या, चपळ. हजारो वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांचं रूप त्यांनी टिकवून ठेवलंय. १९३२ मध्ये सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिर्टावर आणून सोडल्या, तेव्हापासून त्यांना ना मेंढपाळ ना शिकारी प्राणी. १९८५ पासून शास्त्रज्ञ दरवर्षी त्यांचा अभ्यास करताहेत. संख्या वाढते, गवत कमी पडतं आणि एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून जास्त मेंढ्या मरतात. वसंतात गेलात तर त्यांचे हाडांचे सापळे दिसतील. तो निष्काळजीपणा नाही, हस्तक्षेप न करण्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की या मेंढ्या पिढ्यानपिढ्या आकारानं लहान होत चालल्यात: हिवाळे सौम्य झाल्यामुळे पूर्वी जी अशक्त कोकरं मेली असती ती आता जगतात.

बेटावर शेतातला छोटा उंदीर मात्र आहे आणि मुख्य भूमीवरच्या भाईबंदांच्या जवळपास दुप्पट वजनाचा आहे. घरात राहणारी उंदराची एक वेगळी उपजातही होती. माणसं गेली, चुली विझल्या, आणि दोनेक वर्षांत ती नामशेष झाली. भिंतींच्या फटींतून मोठ्यानं गाणारा इवलासा पक्षी दिसला तर तो सेंट किल्डा रेन, जगात फक्त इथेच मिळणारी उपजात.

पाऊण तास चढायची तयारी असेल तर कोनाखर आणि ऑइसेव्हल यांच्यामधल्या खिंडीपर्यंत जा. समोर बोरेरे आणि तिचे सुळके दिसतात. कड्यापासून लांब उभं राहा, गवत निसरडं असतं. फुलमारच्या घरट्याजवळही जाऊ नका. तो घाणेरड्या वासाचं तेल थुंकतो आणि ते कपड्यांवरून जात नाही. १८७८ पर्यंत हा पक्षी ब्रिटनमध्ये फक्त सेंट किल्डावर घरटी करायचा. बाँक्सी डोक्यावर झेप घेऊ लागला तर हात वर धरून शांतपणे मागे फिरा.

आणि उतरायला मिळालंच नाही तर? जहाज बहुधा बोरेरेला वळसा घालतं. सुळके लांबून बर्फानं माखल्यासारखे पांढरे दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ते गॅनेट आहेत आणि त्यांची विष्ठा. इथे सुमारे साठ हजार जोड्या घरटी करत आल्या आहेत. सहा फुटी पंखांचा पक्षी पंख मिटून बाणासारखा पाण्यात शिरतो ते डेकवरून जेवढं छान दिसतं तेवढं बेटावरून कधीच दिसत नाही. १८४० च्या सुमारास ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक, म्हणजे उडता न येणारा आणि आता जगातून नामशेष झालेला मोठा समुद्रपक्षी, याच स्टॅक अॅन आर्मिनवर मारला गेला; वादळ आणणारी चेटकीण समजून.

पैसे भरण्याआधी

हंगाम मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पफिन बघायचे असतील तर जुलैच्या अखेरीआधी जा, ऑगस्टमध्ये ते समुद्रात निघून जातात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबान बंदरातून निघणाऱ्या जहाजांचे पर्याय बरेच असतात. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा लागतो, शेंगेन व्हिसा चालत नाही. सहल आइसलंड किंवा नॉर्वेहून सुरू होणार असेल तर दोन्ही लागतील. प्रवास विम्यात समुद्रातून हेलिकॉप्टरनं रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. जीन्स नेऊ नका, होडीत पाणी उडतं आणि ओली जीन्स दिवसभर सुकत नाही. वॉटरप्रूफ पँट, गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट आणि एकावर एक घालता येतील असे पातळ गरम कपडे पुरतात.

कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा: सेंट किल्डासाठी तुम्ही किती वेळ राखून ठेवलाय? एकच सकाळ असेल तर उतरण्याची शक्यता त्या एका सकाळच्या वाऱ्यावर अवलंबून. दोन दिवसांची मोकळीक असेल तर कप्तान आदल्या दिवशीचा अंदाज बघून क्रम बदलू शकतो, आधी मिंग्युले आणि मग हिर्टा असं. मग शक्यता बरीच वाढते. वेळेची सवडच नसेल तर हॅरिसवरच्या लेव्हरबर्गहून सुटणाऱ्या एका दिवसाच्या वेगवान बोटी आहेत. तीनेक तासांत पोहोचवतात, बेटावर चारपाच तास मिळतात, पण समुद्र चांगलाच हलवतो. त्याही हवामान बघूनच सुटतात, म्हणून हॅरिसवर एखादा राखीव दिवस धरूनच त्यांचं बुकिंग करा.